मर्जीतली बाई

लाँड्रीत बत्तीस बायका कामाला होत्या आणि त्या सगळ्यांची ओळखपत्रं एका लोखंडी कपाटात होती. कपाटाची किल्ली जिच्या गळ्यात असायची तिला सगळ्या ताई म्हणत. मालकही ताईच म्हणायचे, जरी ते वयाने तिच्या वडिलांच्या जागी होते.

तीन हॉस्पिटलं आणि पाच हॉटेलं यांची धुणी तिथे यायची. सकाळी उजाडताना गाड्या गाठोडी टाकून जात. रक्ताचे डाग आधी गार पाण्यात, तेलकट टॉवेल वेगळे, लहान मुलांच्या वॉर्डातलं सगळं दोनदा. मशीनमधून निघालेल्या ओल्या चादरी गरम रोलरखालून सरकत जायच्या आणि पलीकडच्या टोकाला दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून घड्या घालायच्या. वाफेनं भिंतींचा रंग केव्हाच सुटला होता. बायका वरच्या मजल्यावर राहायच्या. खाली काम, वर झोप.

कार्डं कपाटात ठेवायची पद्धत कशी पडली, तेही सांगायला हवं. खूप वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर चोरी झाली होती. एकीची पेटी फुटली आणि तिचं कार्ड गेलं. कार्डाशिवाय या शहरात खोली मिळत नाही, दुसरीकडे काम मिळत नाही, लांबच्या गाडीचं तिकीटही मिळत नाही. ती बाई चार दिवस रडत होती. तेव्हा मालकांनी स्वतः जाऊन कपाट विकत आणलं. सगळ्यांनी आपली कार्डं आपण होऊन आणून दिली आणि मालकांचे आभार मानले. आभार मानणाऱ्यांत ताईही होती. तेव्हा ती घड्या घालायची.

मग तिच्या नवऱ्याचा अपघात झाला. तो लाँड्रीची गाडी चालवायचा. गाठोडी उतरवताना पाय घसरला आणि कंबर गेली. दुसऱ्या कुणी अशा माणसाला दारात उभं केलं नसतं. मालकांनी त्याला फाटकावर बसवलं, आवारातच मागच्या बाजूला दोन खोल्या दिल्या, मालीश करणारा माणूस आठवड्यातून दोनदा घरी येईल अशी व्यवस्था केली. पुढे लेकीला चांगल्या शाळेत घातलं तेही त्यांनीच. आणि ताईच्या गळ्यात किल्ली घातली. "घरच्या माणसाच्या हातात असलेली बरी," ते म्हणाले होते. तो शब्द ती कितीतरी दिवस मनात घोळवत होती. घरचं माणूस.

अशी अठरा वर्षं गेली.

त्या वर्षी हॉटेलांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी टकळी तिच्याकडे आली.

टकळीचं खरं नाव कपाटातल्या पाकिटावर होतं, पण तोंडानं कुणी घेत नसे. ही मुलगी सकाळी तोंड उघडायची ते झोपतानाच मिटायची. हॉटेलच्या चादरी हातात आल्या की ती त्या वाचायची. "ही बघा, एकीकडे चुरगळलेली, दुसरीकडे कडक इस्त्री. नवरा-बायको भांडून आली होती." "हा माणूस बुटांसकट झोपला. बायको बरोबर नसणार." बायका हसून हसून चादरीची टोकं सोडायच्या. हॉस्पिटलची गाठोडी आली की मात्र ती एक अक्षर बोलायची नाही. तो तिचा नियम होता. सव्वीस वर्षांची असेल. चार वर्षं इथे झाली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती ताईसमोर येऊन उभी राहिली.

"ताई, माझं कार्ड द्या. मी जाते."

"कुठे?"

"ते अजून ठरवलं नाही."

ताईनं घास खाली ठेवला. "घरी कुणी आजारी आहे का?"

"सगळे ठणठणीत आहेत."

"लग्न ठरलं?"

"माझ्याशी कोण करतंय! हो म्हणायलासुद्धा त्याला मधे जागा मिळायची नाही."

"मग इथे कुणी काही बोललं तुला? कुणी त्रास दिला?"

"नाही हो. मला इथे राहायचं नाही, एवढंच."

"अगं, पण कारण काय?"

टकळीनं जरा विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून. मग म्हणाली, "कारण लागतं का?"

आजवर जिनं जिनं कार्ड मागितलं ती रडत आली होती. कुणाची आई वारली, कुणाचं मूल तापानं फणफणलं, कुणाच्या भावाचं लग्न. मालक पाघळायचे, कार्ड द्यायला सांगायचे, वर प्रवासासाठी पिशवीभर फळंही द्यायचे. बाई परत आली की कार्ड परत कपाटात. दुःख दाखवलं की दार उघडायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण कोरड्या डोळ्यांनी कुणी आलं नव्हतं.

"मालकांना काय सांगू मी?"

"सांगा, टकळीला जायचंय."

मालकांची काचेची खोली वरून सगळं दिसेल अशी होती. ताई आत गेली तेव्हा ते सफरचंदाच्या फोडी खात होते. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून ते सफरचंदाकडे शत्रूसारखं बघत.

"बस, ताई. काय म्हणतेय कंबर आमच्या ड्रायव्हरची?" फाटकावर बसून अठरा वर्षं झाली तरी ते त्याला ड्रायव्हरच म्हणायचे.

"बरी आहे." मग तिनं टकळीचं सांगितलं.

ते रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. "जाऊ दे की," ते म्हणाले. "मी कुणाला बांधून ठेवलंय का? फक्त हंगाम संपू दे. दोन महिने. आणि ताई, तूच विचार कर. एकटी पोर, ना ठाव ना ठिकाण. बाहेर जग कसं आहे तुला ठाऊक आहे. कार्ड हातात दिलं आणि उद्या तिचं काही वाईट झालं तर देव मला विचारेल. मी स्वतः या हातांनी चादरी धुतल्यात, रस्त्यावर झोपलोय. मला माहीत आहे बाहेर काय असतं."

हे खरं होतं. त्यांच्या हातांवर जुन्या सोड्याचे डाग अजून होते.

"तिला समजाव. तुझं ऐकतात त्या." मग फोड तोंडात टाकत म्हणाले, "लेक पुढच्या वर्षी दहावीला ना? क्लास लावायचा असेल तर सांग. अनमान करू नकोस."

"तुमचे उपकार आहेत, मालक," ताई म्हणाली आणि उठली.

जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपण मागायला गेलो होतो कार्ड, मिळाला नकार, आणि वर आभार मानून आलो. ती मधल्याच पायरीवर थांबली. पुन्हा वर जावं असं क्षणभर वाटलं. मग खालून कुणीतरी हाक मारली आणि ती खाली गेली.

"दोन महिने थांब म्हणाले," तिनं टकळीला सांगितलं.

"रोलरवरच्या काकूंनाही दोन महिनेच सांगितले होते," टकळी म्हणाली. "सहा वर्षांपूर्वी."

रोलरवरच्या काकूंनी मान वर केली नाही. त्यांच्या हातातली चादर तेवढी जरा वाकडी गेली.

त्या दिवसापासून टकळी बंद झाली. भांडण नाही, रुसवा नाही. काम चोख, घड्यांच्या कडा काडीसारख्या सरळ. पण हॉटेलच्या चादरी येत होत्या नि जात होत्या आणि ती हॉस्पिटलच्या चादरींकडे बघावं तशीच त्यांच्याकडे बघत होती. नुसता मशीनचा घरघराट. दोनच दिवसांत बायका एकमेकींवर खेकसायला लागल्या. एकीनं टॉवेलांचा अख्खा ढीग चुकीच्या हॉटेलला पाठवला. ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ती उगाच या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायची, मोजलेले अभ्रे पुन्हा मोजायची. गळ्यातली किल्ली सारखी छातीवर आपटायची. आजवर ती आपटते हे तिला कळलंही नव्हतं.

एका संध्याकाळी घरी ती भाजी चिरत होती आणि लेक फेऱ्या मारत इतिहासाचं उत्तर पाठ करत होती.

"'मळ्यावर देखरेख करण्यासाठी मालक गुलामांपैकीच एकाची नेमणूक करीत असे. त्यास निराळी खोली, बरे कपडे व अधिक अन्न मिळे. त्यामुळे...' त्यामुळे काय होतं?"

"हा माणूस चांगला होता की वाईट?" ताईनं विचारलं.

"कोण?"

"हा नेमलेला."

"ते दिलेलं नाही. चार मार्कांचाच प्रश्न आहे." लेकीनं पुस्तकात डोकावलं. "'त्यामुळे मालकास स्वतः चाबूक हाती घ्यावा लागत नसे.'"

ताईच्या हातातली सुरी थांबली. खोलीच्या कोपऱ्यात खाटेवर नवरा पाठीखाली उशी घेऊन पडला होता. त्यानं कूस बदलली.

"सगळेच मालक मारायचे?"

"नाही गं. काही फार चांगले होते म्हणे. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. ते मालक म्हणायचे, आम्ही आमच्या माणसांना म्हातारपणीही जेवू घालतो, आजारपण काढतो. कारखानदार बघा, माणूस निकामी झाला की हाकलून देतात. मग कोण बरं? असं विचारायचे ते. बाईंनी आम्हाला विचारलं, मालक चांगला असेल तर गुलामी चांगली का?"

"मग तू काय सांगितलंस?"

"नाही म्हणाले."

"का?"

लेकीनं खांदे उडवले. तिला पुढचं उत्तर पाठ करायचं होतं. "कारण तो चांगला वागतो ते त्याची मर्जी म्हणून. मर्जी फिरली तर? मग रोज त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. आई, आता माझ्याशी बोलू नकोस हं, विसरायला होतं."

"काय भलतंसलतं शिकवतात," नवरा खाटेवरून म्हणाला.

त्या रात्री ताईला झोप लागली, पण ती झोप नव्हती. सकाळी उठली तेव्हा पाय दुखत होते, जणू रात्रभर चालली होती.

हंगाम तोंडावर आला म्हणून मालकांनी एक नवीन मुलगी घेतली. एकोणीस वर्षांची, पहिल्यांदाच घर सोडून आलेली. मालक त्या दिवशी हॉस्पिटलच्या साहेबांकडे कंत्राटाच्या बोलणीसाठी गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. ताईनं नेहमीसारखं मुलीला कपड्यांचा जोड दिला, पलंग दाखवला, आणि कार्ड मागितलं.

मुलीनं पिशवीच्या तळातून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढलं. दोन्ही हातांनी पुढे केलं. "बाबांनी सांगितलंय, हे कुणालाही देऊ नकोस," ती म्हणाली. मग घाईनं हसली. "पण तुम्ही ताई आहात."

ताईनं कार्ड घेतलं आणि ती कपाटाच्या खोलीत गेली. कपाट उघडलं. पाकिटं उभी लावलेली होती, तिच्याच अक्षरात नावं. नव्या पाकिटासाठी जागा करायला तिनं एक गठ्ठा पुढे ओढला आणि मागे, अगदी भिंतीशी, एक जुनं पिवळं पाकीट आडवं पडलेलं दिसलं. त्यावरचं अक्षर तिचं नव्हतं. तिच्या आधी हे काम करणाऱ्या बाईचं होतं. नाव मात्र ताईचं होतं.

ती विसरूनच गेली होती. आत तिचं कार्ड होतं आणि नवऱ्याचंही. फोटोतली बाई तरुण होती, केस घट्ट बांधलेली, छायाचित्रकारावर जरा रागावलेली. खाली मुदतीची तारीख होती. मुदत संपून सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत तिला ते एकदाही लागलं नव्हतं, कारण सहा वर्षांत ती अशा कुठल्याच ठिकाणी गेली नव्हती जिथे कुणी तिला तू कोण म्हणून विचारेल.

ती किती वेळ तिथे बसली होती तिला सांगता आलं नसतं. बाहेर जेवणाची घंटा झाली तेव्हा ती उठली, एक प्लास्टिकची टोपली घेतली आणि सगळी पाकिटं त्यात ओतली.

बायका जेवायला बसल्या होत्या. ताईनं टोपली मधोमध ठेवली.

"आपापलं घ्या," ती म्हणाली.

कुणी हललं नाही.

"मालकांनी सांगितलं?" रोलरवरच्या काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुमचं आहे ते. घ्या."

पहिली उठली ती टकळी. तिनं टोपलीत हात घालून आपलं पाकीट शोधलं, कार्ड काढलं, फोटो बघितला आणि इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "अरे देवा! हिला कामावर ठेवलं कुणी?"

एक जण फिसकन हसली आणि मग सगळ्याच उठल्या. क्षणभर एखाद्या शाळेत निकाल लागावा तशी गर्दी झाली, एकमेकींचे फोटो बघणं, खिदळणं. नव्या मुलीला काय चाललंय ते कळेना. तासाभरापूर्वी दिलेलं कार्ड परत हातात घेऊन ती उभी होती.

टकळी वर गेली आणि पिशवी घेऊन खाली आली. तिच्याबरोबर आणखी दोघी निघाल्या, ज्यांनी कधी जायचं नावही काढलं नव्हतं. ताई त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेली.

फाटकावर नवरा होता. त्यानं पिशव्या बघितल्या, मग बायकोकडे बघितलं.

"चिठ्ठी कुठाय?" मालकांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय सामान बाहेर जात नसे.

"चिठ्ठी नाही. उघडा."

"तुला वेड लागलंय का? माझ्या नोकरीचं काय?"

"अहो, उघडा."

"लेकीचा तरी विचार कर. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं गं माणसानं."

"अठरा वर्षं जागलेच की," ताई म्हणाली. "अजून किती खारट करू?"

तो खुर्चीतून उठला नाही. पण अडवलंही नाही. तोंड दुसरीकडे वळवून बसला. शेवटी ताईनं स्वतः कडी काढली. फाटक जड होतं; तिला आणि टकळीला दोघींना मिळून ढकलावं लागलं. जाताना टकळीला काहीतरी बोलायचं होतं, ओठ हलले, पण तिला शब्द सापडले नाहीत. ताईचा हात दाबून ती गेली. तिघी रस्त्याच्या कडेनं भराभर चालत होत्या. मागे कुणी लागलं नव्हतं, तरीही.

ताई परतली तेव्हा कपाटाच्या खोलीबाहेर रोलरवरच्या काकू उभ्या होत्या. हातात पाकीट.

"ताई, हे ठेव बाई परत."

"काकू, तुमचं आहे ते."

"असेल. ठेवू कुठे? पेटीला कुलूप नाही. आणि मालक आले की विचारतील कुणी कुणी घेतलं. या वयात मला कोण काम देणार आहे?" त्यांनी पाकीट ताईच्या हातात कोंबलं. "तू चांगलं केलंस हो. पण माझं ठेव."

त्यांच्यामागून दुसरी आली. मग तिसरी. कुणी डोळे चुकवत, कुणी कपाळाला हात लावत, कुणी "मालक भला माणूस आहे, ताई, उगाच कशाला" म्हणत. संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त पाकिटं टोपलीत परत आली होती. ताई नाही म्हणू शकली नाही. तिनं ती कपाटात लावली, एकेक, नावं बाहेरच्या बाजूला. त्या दिवशी तिला सगळ्यात जड काम तेच गेलं. नवी मुलगी मात्र आली नाही. तिनं कार्ड रुमालात गुंडाळून कुठे लपवलं होतं कोण जाणे.

मालकांनी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. ते उभे होते. चेहरा रागावलेला नव्हता. दुखावलेला होता, आणि तेच सोसवेना.

"मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो का?"

"सांगितलं होतं, मालक."

"दोन महिने म्हणालो होतो. नाही म्हणालो नव्हतो." ते खिडकीशी गेले. खाली बायका काम करत होत्या, नेहमीपेक्षा गप्प. "आणि पाहिलंस ना? परत आणून दिली त्यांनी. मी मागितली नव्हती. यांना कुठे जायचं नाहीये, ताई. मी काय तुरुंग चालवतोय?"

यावर काय बोलावं याचा ताई रात्रभर विचार करत होती, आणि आता सगळं विसरली. मनात होतं तेच बोलली. "तुरुंगातल्या माणसाला निदान माहीत असतं तो कशासाठी आत आहे ते. आम्हाला तुमच्याकडून इतकं मिळालं की विचारायची चोरी झाली."

"म्हणजे द्यायला नको होतं?"

"मला माहीत नाही, मालक."

ते खुर्चीत बसले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. "जाऊ दे. माणूस चुकतं. किल्ली मी काकूंकडे देतो. तू टकळीच्या जागी घड्या घालायला उभी राहा. खोल्या राहू देत, ड्रायव्हर फाटकावर राहू दे, पोरीची शाळा चालू राहील. मी कुणाला रस्त्यावर काढत नाही. तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. तिला एकदम रडू आलं, कारण ते मनापासून बोलत होते. आणि त्याच वेळी तिला दिसलं की आज आपण हो म्हटलं तर उरलेलं सगळं आयुष्य माफ केलेली बाई म्हणून या माणसाच्या तोंडाकडे बघत काढायचं. रोज सकाळी. आज मर्जी कशी आहे ते ओळखत.

"आम्ही महिनाअखेर खोल्या सोडतो," ती म्हणाली. आपणच बोललो यावर तिचा विश्वास बसेना.

मालकांनी तिच्याकडे असं बघितलं जणू ती परक्या भाषेत बोलली होती. "ड्रायव्हरला विचारलंस?"

"नाही."

खरोखरच विचारलं नव्हतं, आणि नवऱ्यानं ते तिला माफ केलं नाही. त्या दुपारी तो जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. त्यातलं निम्मं खरं होतं. त्याच्या कंबरेचं काय, पोरीच्या शाळेचं काय, तिला स्वतःला कोण विचारणार, फोटोतली बाई आता राहिली नाही. हात दाखवून अवलक्षण, तो म्हणाला. मग त्यानं तोंडाला कुलूप घातलं. लेक मात्र रडली. इतिहासात तिला चारपैकी चार मिळाले होते आणि शाळा सुटणार होती.

कार्ड नवीन करायलाच तीन आठवडे गेले. सरकारी कचेरीतल्या माणसानं सहा वर्षं कुठे होता म्हणून विचारलं. घरीच होतो, ती म्हणाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गॅरेजच्या वर, त्यांना एक खोली मिळाली. दिवसभर खालून हातोडीचे ठोके यायचे. एका दवाखान्यात तिला फरशी पुसायचं काम लागलं. मिळायचं आधीपेक्षा कमी, आणि तिथली मुख्य नर्स तोंडानं फटकळ होती. पण पाळी संपली की ती नर्स कुणाच्या आयुष्यात नाक खुपसत नसे. लेक जवळच्या फुकट शाळेत जाऊ लागली. पहिला महिना ती आईशी तुटक बोलायची. पुढे तिथे तिला मैत्रीण मिळाली आणि तुटकपणा आपोआप गेला. नवऱ्याची मालीश बंद झाली. ताई स्वतः तेल लावून द्यायची. तो पालथा पडून राहायचा, हूं की चूं करायचा नाही. दुखलं की नुसती बोटं वळायची.

टकळीचा एकदा फोन आला. ती समुद्राकाठच्या एका हॉटेलात खोल्या आवरत होती. "काम तेच हो ताई, फक्त आता चादरींवर माणसंसुद्धा दिसतात. माझे अंदाज सगळे चुकीचे होते!" बरोबर गेलेल्या दोघींपैकी एक परत लाँड्रीत गेली होती. मालकांनी तिला घेतलं होतं, एक शब्द न बोलता. हे ऐकून ताईला बरं वाटलं की वाईट, तिलाच कळलं नाही.

दवाखान्यात तिला आठवड्यातून एक सुट्टी होती. लाँड्रीत सुट्टी असून नसल्यासारखी. राहायचं तिथेच, कुणीतरी हाक मारायचंच. पहिल्या सुट्टीला ती नेहमीच्याच वेळी उठली. झाडलं, पुसलं, पुन्हा पुसलं. डबे खाली काढून परत लावले. मग खिडकीत उभी राहिली, मग दारात.

"बस की जरा," नवरा खाटेवरून म्हणाला. कितीतरी दिवसांत त्यानं आपण होऊन काढलेला तो पहिला शब्द.

"बसवत नाही."

"मग फिरून ये."

"तुम्ही चला."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग, तिला वाटलं नव्हतं, तो उठला. भिंतीला धरत, जिन्याचा कठडा धरत खाली आला. गॅरेजमधल्या मिस्त्रीनं हात वर केला, यानंही केला. दोघं रस्त्यानं निघाले. पन्नास पावलं झाली की तो थांबायचा, ती थांबायची. दुकानं उघडत होती. या भागात ती दोघं एकाही माणसाला ओळखत नव्हती.

एका बंद दुकानाच्या पायरीवर तो टेकला. कपाळावर घाम होता.

"तिकडे बरे होतो आपण," तो म्हणाला.

"होतो," ती म्हणाली. खोटं कशाला बोलायचं? "तुमची कंबर तरी नक्कीच."

"मग?"

तिनं उत्तर शोधलं. दवाखाना, खोली, लेक, हातोडीचे ठोके. यातलं काहीच उत्तर म्हणून पुढे करता येईना. ती त्याच्या शेजारी बसली आणि लगेच उठली. पाय ऐकत नव्हते.

"हा रस्ता पुढे कुठे जातो?" तिनं विचारलं.

"मला काय माहीत? मी काय आलोय इकडे कधी?"

"पाठ धरलीय का?"

"धरायची ती धरलीच आहे." त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरून त्याला उठवलं, आणि दोघं पुढे निघाले.